१२३४५६७८९८७६५४३२१ : एका सतरा अंकी संख्येची ओळख

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, असे प्रश्नकर्त्याच्या वाचनात आले. त्यांनी एक्सेलमध्ये गुणाकार करून पाहिला तेव्हा शेवटचे तीन अंक ३०० आले आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ३२० आले. यांपैकी खरे उत्तर कोणते, अंकांची ही चढती-उतरती मांडणी कशामुळे होते, नऊऐवजी दहा किंवा अकरा एक घेतले तर ती पुढे चालते का, आणि दिसायला देखणी असण्यापलीकडे या संख्येत काही गणित आहे का, असे चार प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत. चौथ्या प्रश्नाचा पसारा मोठा असल्यामुळे आधीचे तीन प्रथम हातावेगळे करतो.

खरे उत्तर ३२१ ने संपणारेच आहे. विषम संख्येचा वर्ग विषमच असतो, त्यामुळे शून्याने संपणारी दोन्ही उत्तरे एकही गुणाकार न करता बाद ठरतात. यंत्रे चुकतात ती साठवणुकीच्या मर्यादेमुळे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ सार्थ अंक जपते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते. आपली संख्या सतरा अंकी असल्याने शेवटचे २१ गळून पडले. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट साधी संख्या ६४ बिटांच्या ज्या स्वरूपात ठेवते, त्यातले जेमतेम ५३ बिट प्रत्यक्ष अंकांच्या वाट्याला येतात. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे, आणि तिथून पुढे त्याच्या दुपटीपर्यंत या स्वरूपात केवळ सम संख्या नेमक्या मावतात. आपली संख्या नेमकी त्याच टप्प्यात येते आणि ती विषम आहे, म्हणून तिला शेजारच्या सम संख्येवर ढकलले जाते. ३२० आणि ३२२ हे दोन्ही शेजारी सारख्याच अंतरावर असले तरी अशा वेळी ज्या शेजाऱ्याचा शेवटचा बिट शून्य असेल तो निवडायचा, असा संकेत असल्यामुळे पडद्यावर ३२० दिसते. पायथॉन या संगणकभाषेत पूर्णांकांना ही मर्यादा नाही, तिथे सगळे अंक बरोबर येतात. एक्सेलच हाताशी असेल तर संख्येचे तुकडे पाडावेत. १११११११११ म्हणजे १११११ × १०००० अधिक ११११. १११११ चा वर्ग १२३४५४३२१, दोन्ही तुकड्यांच्या गुणाकाराची दुप्पट २४६८८६४२ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. पहिल्यापुढे आठ शून्ये आणि दुसऱ्यापुढे चार शून्ये देऊन तिन्हींची कागदावर बेरीज केली की १२३४५६७८९८७६५४३२१ हेच उत्तर मिळते.

आता मांडणीविषयी. शाळेत शिकवतात तसा हा गुणाकार उभा मांडला, तर १११११११११ हीच ओळ नऊ वेळा लिहावी लागते आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ पडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत नवव्या स्तंभात नऊ एक येतात. त्यानंतर ओळी एकेक करून संपत जातात आणि स्तंभांतील एकांची संख्या आठ, सात, सहा अशी उतरत सतराव्या स्तंभात पुन्हा एकावर येते. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही आणि स्तंभातील एकांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते आणि तिथे पहिला हातचा जन्माला येतो. दहाव्या स्तंभात ० लिहून हातचा १ पुढे गेला, पुढच्या स्तंभातले ९ आणि हा १ मिळून पुन्हा १० झाले, तिथेही ० पडला आणि हातचा आणखी एक घर सरकला. त्यापुढच्या स्तंभातले ८ त्याला घेऊन ९ झाले आणि तिथे साखळी थांबली. त्यामुळे उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते: उजवी बाजू शाबूत आहे, डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला आहे आणि मध्ये दोन शून्ये आली आहेत. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे. उलटसुलट सारखी वाचली जाणारी रचना नवव्या पायरीवर संपते ती कायमचीच. मात्र पुढे जे येते तेही बेशिस्त नाही. न इतके एक लिहून होणारी संख्या म्हणजे १० चा न वा घात वजा १, भागिले ९. तिच्या वर्गाच्या छेदात म्हणून ८१ येतात, आणि १ भागिले ८१ हा आवर्ती दशांश ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आहे, ज्यात ८ हा अंक कधीच येत नाही. एकांची संख्या वाढवत गेलो की वर्गाची सुरुवात याच आवर्तनाप्रमाणे होऊ लागते. पंधरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२३४५ असा सुरू होतो, त्याचे कारण हेच आहे.

मांडणी नवव्या पायरीवर संपते, कारण आपण दशमान पद्धतीत लिहितो. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो आणि मोड आठव्या पायरीवर येते. म्हणजे हा गुणधर्म संख्येचा कमी आणि आपल्या लेखनपद्धतीचा जास्त आहे. मोठ्या संख्येचा अभ्यास करताना हा भेद मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी करायला लावतो. अंकांची बेरीज, अंकांची सममिती, अंक उलटे लिहिल्यावर काय होते, हे अंगावरच्या कपड्यांसारखे आहे. लेखनपद्धतीचा पाया (दशमानात १०, अष्टमानात ८) बदलला की कपडे बदलतात. मूळ अवयव, विभाजकांची संख्या, दोन वर्गांच्या बेरजेत मांडणी होते की नाही, हे मात्र कोणत्याही पायात तसेच राहते. समाजमाध्यमांवर ‘अद्भुत संख्या’ म्हणून जे काही फिरते त्यातला बहुतेक भाग पहिल्या प्रकारचा असतो. १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येची विशेष बाब अशी की तिच्यात दोन्ही प्रकार एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ती गुंतागुंत उलगडता येते.

दुसऱ्या प्रकाराची सुरुवात मूळ अवयवांपासून करावी लागते. सतरा अंकी संख्येचे अवयव पाडणे हे हाताने करायचे काम एरवी नकोसे वाटेल, पण ही संख्या वर्ग असल्यामुळे १११११११११ चे अवयव पाडले की पुरते. नऊ एक तीन-तीनच्या गटांत पाहिले तर ते १११, १११, १११ असे दिसतात, म्हणजेच ही संख्या १११ × १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्याने तिला ३ ने भाग जातो आणि भागाकार ३३३६६७ येतो. तेव्हा १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे का, हे तपासण्याची सरधोपट रीत म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणे. अशा मूळ संख्या १०६ आहेत. इतके कष्ट घ्यायची गरज नाही. ३३३६६७ चा कोणताही मूळ विभाजक घेतला, तर तो १० च्या नवव्या घातातून १ वजा करून येणाऱ्या ९९९९९९९९९ या संख्येचाही विभाजक असतो. याचा अर्थ असा की त्या विभाजकाने भागल्यावर १० च्या ज्या सर्वांत लहान घाताची बाकी १ उरते, तो घातांक ९ चा विभाजक, म्हणजे १, ३ किंवा ९ असला पाहिजे. तो १ असेल तर विभाजक ९ ला भागणारा, म्हणजे ३ असेल. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून ३ बाद. तो ३ असेल तर विभाजक ९९९ ला भागणारा, म्हणजे ३७ असेल; पण ३७ × ९०१८ = ३३३६६६, म्हणून बाकी १ उरते आणि ३७ ही बाद. राहिला घातांक ९. फर्माच्या लघुसिद्धांतानुसार अशा वेळी विभाजकातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ९ ने भाग गेला पाहिजे, आणि विभाजक विषम असल्यामुळे १८ नेही. ५७७ पर्यंत ही अट पाळणाऱ्या मूळ संख्या, बाद झालेली ३७ वगळून, १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७ एवढ्याच आहेत. १९ ने भागल्यास बाकी ८ उरते, ५७७ ने भागल्यास १६१, आणि मधल्या कोणाचाही भाग पूर्ण जात नाही. सोळा भागाकारांत ३३३६६७ मूळ असल्याचे सिद्ध होते. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यास हे एका दुपारचे काम आहे, आणि संगणकावर उत्तर पाहण्यापेक्षा ते करून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण मोठ्या संख्येचे अवयव शोधताना शोधाचे क्षेत्र आधी आक्रसून घ्यायचे, ही या विषयातली खरी युक्ती त्यात हाताला लागते.

या तर्काचा एक आनुषंगिक लाभही आहे. १ भागिले ३३३६६७ हा दशांश ०.०००००२९९७ या नऊ अंकांच्या आवर्तनाचा आहे, आणि ज्या मूळ संख्येच्या व्यस्ताचे आवर्तन बरोबर नऊ अंकांचे आहे अशी दुसरी एकही मूळ संख्या अस्तित्वात नाही. ३७ बाबतही तसेच: तीन अंकी आवर्तन असलेली ती एकमेव मूळ संख्या आहे. अशा एकाकी मूळ संख्या फार विरळ आहेत. ३, ११, ३७, १०१, ९०९१, ९९०१ आणि मग थेट ३३३६६७ असा त्यांचा क्रम लागतो. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव याच यादीतले आहेत.

आता १२३४५६७८९८७६५४३२१ मध्ये ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग आहे. त्यावरून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३, म्हणजे ४५ येते. संख्या पूर्ण वर्ग असल्याने ती विषम येणारच होती. सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ आहे. त्यातून खुद्द संख्या वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, जे संख्येपेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून तिची गणना न्यून संख्यांत होते. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या ८००७९८३९९१९९२०१६ आहेत. हे तीन आकडे मी पूर्णतेसाठी दिले. त्यांच्यात रेंगाळण्यासारखे फार नाही.

विभाजकांच्या यादीत मात्र रेंगाळावे. वर्गमूळाचे, म्हणजे १११११११११ चे, बारा विभाजक असे आहेत: १, ३, ९, ३७, १११, ३३३, ३३३६६७, १००१००१, ३००३००३, १२३४५६७९, ३७०३७०३७ आणि १११११११११. यातली १२३४५६७९ ही आठ नसलेली संख्या अनेकांनी शाळेत पाहिलेली असते, कारण तिला ९ ने गुणले की नऊ एक येतात आणि १८ ने गुणले की नऊ दोन. ती ३७ × ३३३६६७ आहे, आणि १ भागिले ८१ च्या आवर्तनातले अंक तिचेच आहेत. त्यामुळे आपली सतरा अंकी संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते.

वर्गांच्या बेरजेचा प्रश्न मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत रसाळ वाटतो. ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते आणि ३ बाकी उरणारी येत नाही, हा फर्माने सांगितलेला आणि ऑयलरने सिद्ध केलेला नियम आहे. आपल्या अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ या दोघांची बाकी ३ आहे; एकट्या ३७ ची बाकी १ आहे, आणि ३७ = १ चा वर्ग + ६ चा वर्ग. पहिल्या दोघांचे घातांक सम असल्यामुळे ते आड येत नाहीत, ते केवळ मोजपट्टी वाढवतात. ३७ चा वर्ग १२ आणि ३५ यांच्या वर्गांची बेरीज आहे. दोन्हींना १११११११११ ÷ ३७, म्हणजे ३००३००३ ने गुणले, की ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ मिळतात. तेव्हा ३६०३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५१०५ चा वर्ग बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १११११११११ आहे आणि उरलेल्या बाजू पूर्णांकी आहेत असा हा एकमेव त्रिकोण आहे, कारण ४ ने भागल्यावर १ बाकी देणारा मूळ अवयव एकच आहे आणि तो वर्गमूळात एकदाच येतो.

कर्णाऐवजी १११११११११ ही काटकोनाची एक बाजू धरली तर चित्र पालटते. तेव्हा आपली संख्या कर्णाचा वर्ग वजा दुसऱ्या बाजूचा वर्ग, म्हणजेच त्या दोन लांबींची वजाबाकी गुणिले बेरीज, अशी मांडावी लागते. ४५ विभाजकांपैकी मधला, म्हणजे खुद्द १११११११११, सोडला तर उरलेल्यांच्या २२ जोड्या लागतात. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक जोडी एक पूर्णांकी त्रिकोण देते. असे बावीस त्रिकोण आहेत, आणि त्यात ३-४-५ चा विस्तारही आहे: १११११११११, १४८१४८१४८, १८५१८५१८५. तिन्ही ३७०३७०३७ च्या पटीत आहेत.

विषम वर्गातून १ वजा केला की उरलेल्याला ८ ने भाग जातो आणि भागाकार त्रिकोणी संख्या असतो. इथे तो १५४३२०९८७३४५६७९० येतो, आणि ती ५५५५५५५५ वी त्रिकोणी संख्या आहे. म्हणजे १ पासून ५५५५५५५५ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज तेवढी होते.

इथून पुन्हा अंकांकडे वळतो, कारण या संख्येच्या अंकरूपाचा अभ्यास ज्यांनी आस्थेने केला ते आपल्याकडचेच होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूत जन्मलेले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे गणितज्ञ ६१७४ या स्थिरांकामुळे जगभर माहीत आहेत. एकांच्या वर्गांना त्यांनी डेम्लो संख्यांच्या कुळात बसवले. डेम्लो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे नाव. तिथे त्यांना या संख्या सुचल्या. के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांनी या संख्यांची उपपत्ती १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली. डेम्लो संख्येची कल्पना अशी: संख्येचे डावे टोक, मधला भाग आणि उजवे टोक असे तीन भाग पाडायचे, दोन्ही टोकांची बेरीज केली की मधल्या भागात जो अंक आहे तोच अंक पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. आपली संख्या १२३४५६७८, ९, ८७६५४३२१ अशी तोडली तर दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९ येते आणि मध्ये ९ आहेच.

हर्षद संख्या ही कल्पनाही कापरेकरांचीच: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती संख्या. १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरणाऱ्या अंकांची बेरीज ९ चा वर्ग, म्हणजे ८१ होते, आणि आपल्या संख्येत ३ चा चौथा घात, म्हणजे ८१, अवयव म्हणून आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. एका एकाच्या वर्गापासून नऊ एकांच्या वर्गापर्यंतच्या नऊ संख्यांत हर्षद तीनच निघतात: १, १२३२१ आणि ही. कारण अंकांची बेरीज न चा वर्ग असते, म्हणून न एकांच्या संख्येला न ने भाग जावा लागतो, आणि नऊपर्यंत तसे १, ३ आणि ९ साठीच घडते. लेखनाचा गुणधर्म आणि संख्येचा गुणधर्म एकमेकांत गुंतलेले आहेत असे वर म्हटले ते या अर्थाने.

कापरेकरांचा आणखी एक प्रश्न इथे विचारून पाहण्याजोगा आहे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की दुसरी संख्या जन्मते. जी संख्या अशा रीतीने कोणाहीपासून जन्मत नाही ती स्वयंभू. आपली संख्या स्वयंभू आहे का? तिला ९ ने भाग जातो, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत असली पाहिजे. तेव्हा ९, १८, २७ असे वजा करत एकेक उमेदवार तपासायचा. सतरा अंकांची बेरीज १५३ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे उमेदवार सतराच आहेत. त्यांतला १२३४५६७८९८७६५४२४० हा एकच लागू पडतो: त्याच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ मिळवले की शेवटचे २४० चे ३२१ होतात. संख्या स्वयंभू नाही, आणि तिला जनक एकच आहे.

अंकांच्या बेरजेवरून एक गैरसमज हमखास होतो, त्याविषयी बोलणे आवश्यक आहे. बेरजेला ९ ने भाग गेला तर संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून बेरजेला २७ किंवा ८१ ने भाग गेला तर संख्येलाही जाईल, असे अनेक जण गृहीत धरतात. ते खरे नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण तिला २७ ने भागल्यास ९ बाकी उरते. २७ आणि ३७ साठी योग्य कसोटी म्हणजे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करणे, कारण ९९९ = २७ × ३७. आपल्या संख्येचे गट १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४ आणि ३२१. बेरीज २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. दोन्ही कसोट्या एकदम पार पडल्या. ८१ साठी नऊ-नऊ अंकांचे गट लागतात, कारण १० च्या नवव्या घाताला ८१ ने भागल्यास १ बाकी उरते: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९९, म्हणजे ८१ × १२३४५६७९. तेच तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-वजा केले तर ३०९ येतात, आणि १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे त्यावरून ७, ११, १३ यांच्या बाक्या लगेच कळतात: अनुक्रमे १, १ आणि १०. तिघांचाही भाग जात नाही.

राहिला पुढे काय पाहावे हा मुद्दा. एक किती वेळा लिहिले त्या मोजणीला १ आणि ती स्वतः सोडून विभाजक असले, की एकांनी बनलेल्या संख्येलाही असतात. नऊ एकांना तीन एकांनी भाग गेला तो यामुळेच. म्हणून एकांनी बनलेली संख्या मूळ असण्याची शक्यता केवळ एकांची मोजणी मूळ असेल तेव्हाच असते, आणि तेव्हाही ती खात्री नसते: ३ एक म्हणजे ३ × ३७, ५ एक म्हणजे ४१ × २७१, ७ एक म्हणजे २३९ × ४६४९. मूळ ठरणाऱ्या संख्या २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या आहेत, आणि त्यापुढच्या याहून कितीतरी लांब अंतरावर आहेत. १९ एकांचा वर्ग ३७ अंकी आहे, पण त्याला विभाजक तीनच: १, वर्गमूळ आणि तो स्वतः. त्याच्या वर्गमूळाला ४ ने भागल्यास ३ बाकी उरते, त्यामुळे १११११११११ ला कर्ण म्हणून जसा एक त्रिकोण मिळाला तसा एकही १९ एकांना मिळत नाही. आणि एक बाजू म्हणून जिथे नऊ एकांना बावीस त्रिकोण होते, तिथे १९ एकांना एकच आहे.